सांगाड्याची कावीळ

शनिवारी सकाळी नऊ वाजता पांढरकवड्याबाहेर, हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानामागे दीडशे पिवळी माणसं रांगेत उभी होती. मी एकशे बारावा. रांगेत कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं. "कितवं पाणी?" एवढंच. पहिल्या पाण्याचे लोक मान खाली घालून उभे होते. तिसऱ्या पाण्याचे वरच्या वर्गात गेल्यासारखे.

पुढे टिनाच्या शेडमध्ये परातबाबा बसले होते. समोर पितळेची परात, बाजूला लोटा, खांद्यावर ओलं फडकं. बाबांनी एका म्हाताऱ्याचे हात फडक्यानं पुसले, वरून स्वच्छ पाण्याची धार सोडली, आणि हातावरून परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

"निघाली! निघाली!" अख्खी रांग ओरडली. म्हातारा रडायला लागला.

"कावीळ म्हणजे काय?" बाबांनी रांगेला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "ऊन आहे हे! उन्हाळ्यात अंगात शिरलं, बाहेर निघाचा रस्ता भेटला नाही, म्हणून रक्तात फिरून राह्यलं. परात त्याले रस्ता दाखवते. पहिलं पाणी गडद, दुसरं फिकं, तिसरं साफ. तिसऱ्यानंतर पिवळा राह्यला तर परात फोडून टाकजा!"

"किती सोपं करून सांगतात," माझ्या मागची बाई म्हणाली.

खरं होतं. इतकं सोपं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

माझा नंबर आला. बाबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"नाव?"

"अक्षय."

"गाव?"

"झरीकडचं. इथं होस्टेलवर राहतो."

"जेवला का रे बाप्पा?"

मी नाही म्हणालो. माझं पाणी बाहेर आलं, गडद पिवळं. पण मी पाण्याकडे पाहतच नव्हतो. सतरा दिवसांत मला हात लावणारा हा पहिला माणूस होता.

त्या सतरा दिवसांचा हिशेब असा. पहिल्या दिवशी माझ्या रूममेटनं, रजतनं, माझे डोळे पाहिले. "भाऊ, मी दोन दिवस घरी जाऊन येतो," म्हणाला आणि गादीसकट गेला. दोन दिवसांसाठी गादी कोण नेतं? मेसवाल्यानं माझ्या ताटावर मार्करनं माझं नाव लिहिलं आणि ताट दाराबाहेर ठेवू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मालकीचं भांडं झालं. पण वास आला की उलटी व्हायची, म्हणून ते बहुतेक भरलेलंच परत जायचं. माय फोनवर विचारायची, "आवाज काहून असा येऊन राह्यला?" मी म्हणायचो, "नेटवर्क नाही माय." तिला सांगितलं असतं तर ती कापसाची वेचणी सोडून आली असती. नाही सांगितलं तर नाही आली. दोन्हीत मला वाईटच वाटलं असतं. ज्यात तिला एसटीचं तिकीट लागणार नव्हतं, ते मी निवडलं.

दवाखान्यात का गेलो नाही? गेलतो ना. आमच्या फीच्या पावतीवर दरवर्षी एक ओळ असते, "विद्यार्थी आरोग्य विमा." ही ओळ म्हणजे आमचं निराकार दैवत. सगळ्यांनी दक्षिणा दिलेली, दर्शन कोणालाच झालेलं नाही. खासगी दवाखान्याच्या काउंटरवर विचारलं, "कार्ड?" कॉलेजच्या ऑफिसात गेलो, तर क्लार्क म्हणाला, "पोर्टलवर पहा." पोर्टल म्हणालं, "कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करा." तीन चकरांनंतर मला घेरी आली. कॉलेजचं आरोग्य केंद्रही महिनाभर बंद होतं, कारण आधीच्या सिस्टर सोडून गेल्या होत्या. बाबांचं शेड मात्र उघडं होतं. तिथं कार्ड लागत नव्हतं, आणि ते जेवणाचं विचारत होते.

मंगळवारी दुसरं पाणी झालं. फिकं आलं. आरशात मात्र मी आणखी गडद झालो होतो. बाबा म्हणाले, "ऊन जाता जाता रागावते." पटलं. जाणारा माणूस रागावतोच. रजत गेला तेव्हा मी रागावलो होतो. म्हणजे रागावतो तो जाणारा नाही, राहणारा, पण एवढा विचार करायची ताकद राहिली नव्हती. भरदिवसा झोप अनावर व्हायची. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. बाहेर नर्सच्या कपड्यातली चाळिशीची बाई होती.

"मी बबिता. आरोग्य केंद्रात नवी आली. तू अक्षय ना? मेसवाला म्हणे, एक ताट रोज भरलंच परत येते."

"मी बरा होऊन राह्यलो, सिस्टर. दुसरं पाणी झालं. शनिवारी तिसरं."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "चाल. बाकीचेही बोलावले आहेत."

आरोग्य केंद्रात आणखी नऊ पिवळे विद्यार्थी बसले होते. कोपऱ्यात सांगाडा उभा होता. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचं छत गळतं, म्हणून दोन वर्षांपासून त्याला इथं ठेवलेलं. केंद्रात कायम भरती असलेला पेशंट तो एकटाच. सगळे त्याला 'सीनियर' म्हणत, कारण तो कोणत्या बॅचचा हे प्राचार्यांनाही माहीत नव्हतं.

सिस्टरनी टेबलावर स्टीलची परात ठेवली. ओल्या फडक्यानं सीनियरचा उजवा पंजा पुसला आणि तांब्यातलं स्वच्छ पाणी वरून सोडलं.

परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

सगळे परातीवर वाकले. मग निकिता नावाची प्रथम वर्षाची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तो कावीळनंच मेला असन."

"असन बाई," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी लाकडी स्टूल उचललं, त्याचा पाय पुसला आणि पाणी सोडलं. पिवळं.

"आता स्टुलाले बी झाली का? कोणत्या होस्टेलात राह्यते ते?"

कोणी हसलं नाही. हसायला आपण स्टुलापेक्षा शहाणे आहोत अशी खात्री लागते.

मग त्यांनी फडकं पिळून दाखवलं. "आंब्याच्या झाडाच्या सालीचा काढा आहे हा. हाताले लावला तर दिसत नाही. अन् तांब्यात पाणी नाही, चुन्याची निवळी आहे. चुना रात्रभर भिजवाचा, वरचं नितळ पाणी घ्याचं. दोन्ही भेटले की पिवळं होते. दुसऱ्या खेपेले काढा कमी, म्हणून पाणी फिकं. तिसऱ्या खेपेले कोरं फडकं."

त्यांनी कोऱ्या फडक्यानं सीनियरचा दुसरा पंजा पुसून धुतला. पाणी साफ निघालं.

"झाला बरा," सिस्टर म्हणाल्या.

सीनियरच्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही.

"तुम्हाले कसं माहीत?" मी विचारलं.

"माहा काकाच कावीळ उतरवे गावात. चुना आणून द्याचं काम माह्याकडे होतं. एका वर्षी त्यायलेच कावीळ झाली."

"मग त्यांनी पाणी घेतलं?"

"छट्! तालुक्याच्या दवाखान्यात भरती झाले. रजिस्टरात भलतंच नाव लिवलं."

आता मात्र सगळे हसले.

"पण बाबांकडे लोक बरे होतात ना, मॅडम?" निकिता अजून सोडत नव्हती.

"होतात. दूषित पाण्यानं होणारी ही कावीळ पुष्कळांची आराम केला की आपोआप उतरते. आपोआप उतरते त्याचं नाव बाबाले भेटते. अन् ज्याची नाही उतरत, थो चौथं पाणी मागाले येत नाही."

हसू तिथंच थांबलं. सिस्टर एकेकाचे डोळे, जीभ पाहत माझ्यापाशी आल्या. झोपेचं विचारलं, हिरड्यांचं विचारलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुले आताच भरती व्हा लागते. तुह्या लिव्हरनं हात टेकले."

"कार्ड नाही."

"कार्डं ऑफिसातल्या कपाटात खोक्यात भरून आहेत. मी सकाळीच पाह्यलं. तुह्या कार्डावर फोटो भलत्याच पोराचा आहे, थो तंटा मी पाहीन. अन् सरकारी दवाखान्यात कार्डावाचून बी घेतात. ऊठ."

मी उठलो नाही. जे बोललो ते इथं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. "मले सगळं समजलं, सिस्टर. काढा समजला, चुना समजला. पण शनिवारी मी जाणारच होतो. अजूनही जावंसं वाटते."

"कायले?"

"थे हात धरतात."

सिस्टर स्टूल ओढून, त्याच काविळीच्या स्टुलावर, माझ्यासमोर बसल्या.

"धराचा तर मी धरीन. पण रक्त दुसऱ्या हातातून द्या लागीन."

माझे रिपोर्ट पाहून सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस झाले असते तर सांगता आलं नसतं. बाबांनी प्यायला काही दिलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. दिलं नव्हतं. फक्त वेळ घेतला होता. माझ्या लिव्हरकडे तोच शिल्लक नव्हता. मी अकरा दिवस भरती होतो. पहिल्या दिवशी फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं, "सोबत कोण?" सिस्टरनी पेन घेऊन त्या रकान्यात 'बबिता' लिहिलं. पुढचा रकाना होता, 'रुग्णाशी नातं.' तिथं त्या क्षणभर अडल्या आणि 'कॉलेज' लिहून मोकळ्या झाल्या.

काढा आणि चुन्याची कृती वर दिली आहे. आपल्या गावात सगळ्यांसमोर करून दाखवा. सांगाडा नसला तर स्टूल चालतं. हाताला लावलेलं पाण्यात उतरतं, रक्तातलं नाही. रक्तात काय आहे ते रक्त तपासल्यावरच कळतं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आपलं विमा कार्ड मागा, आणि फोटो आपलाच आहे का तेही पहा. पण एवढ्यानं बाबांची रांग कमी होणार नाही. शेजारच्या खोलीचं दार चार दिवस बंद दिसलं तर ठोठावा. आतल्याचे डोळे पिवळे असतील तर त्याला उचलून दवाखान्यात न्या, आणि 'सोबत कोण' या रकान्यात तुमचं नाव लिहा. नातं काहीही लिहा. ते कोणी तपासत नाही.