छोट्या कामांची पिवळी पेटी

मी एक जुनी पिवळी पेटी आहे. कचऱ्याची नव्हे. हे आधीच सांगते, कारण मघाशी तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या फटीत गोळीचा कागद सारला. मला राग आला नाही. माझा अवतारच तसा आहे. एक कोपरा आत दबला आहे, पोटावर कुऱ्हाडीची खाच आहे, आणि मला पिवळी म्हणायचे ते आता केवळ सवयीने. पण मित्रांनो, ही दुखणी म्हातारपणाची नाहीत. ती मारामारीतली आहेत. बसा, सांगते.

माझा जन्मही मारातूनच झाला. शहर बससेवेच्या दुरुस्ती कारखान्यात एका जाड पत्र्याला कात्रीने कापले, आवळून धरले आणि घणाने ठोकून वाकवले. मग छिद्रे पाडली, आगीने सांधे जोडले. प्रत्येक घावाला मी किंचाळत होते. कारागीर शांतपणे म्हणाला, "ओरडतेय, म्हणजे पत्रा चांगला आहे." माझ्या तोंडात त्याने उलट्या दातांची एक पट्टी बसवली. आत गेलेला कागद कोणालाही बाहेर ओढता येऊ नये, यासाठी. अंगाला दोन कुलपे घातली. एक किल्ली भांडार अधिकाऱ्यांकडे, दुसरी हिशेबनिसांकडे. दोघे समोर असल्याशिवाय मी उघडायची नाही.

मला कार्यालयाच्या तळमजल्यावर, व्हरांड्यात ठेवले. समोर एक लाकडी बाक होता आणि शेजारी माझी थोरली बहीण, करड्या रंगाची, माझ्या दुप्पट उंचीची पेटी.

आता आमचे काम समजून घ्या. बस चालवायची म्हणजे नुसता चालक आणि इंजिन पुरत नाही. कोणी आसने शिवायची, कोणी काचा बसवायच्या, कोणी गाड्या धुवायच्या. ज्याला असे काम हवे असते, त्याने आपली किंमत कागदावर लिहायची, लिफाफा बंद करायचा आणि पेटीत टाकायचा. ठरल्या वेळी सर्वांसमोर पेटी उघडते, आणि ज्याची किंमत सर्वांत कमी, त्याला काम मिळते. याला निविदा म्हणतात. पूर्वी सगळे लिफाफे थोरलीच्याच पोटात पडत, आणि तिथे एका मोठ्या ठेकेदाराचे राज्य होते. निविदा भरताना ठेव म्हणून जी रक्कम ठेवावी लागे, ती दोन खोल्यांत कारखाना चालवणाऱ्याने घर विकले तरी उभी राहिली नसती. बळी तो कान पिळी, दुसरे काय.

मग बससेवेच्या मंडळाने नियम केला. काही कामे केवळ छोट्या कारखान्यांसाठी राखून ठेवली, त्यांची ठेव माफ केली, आणि त्यांच्यासाठी मला बनवले. ठेकेदार जाता-येता मला टपली मारून म्हणायचा, "ही लिंबूटिंबूंची पेटी." मित्रांनो, खेळात लिंबूटिंबू कोण असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो बाद होत नाही आणि त्याचा गुणही धरत नाहीत. माझ्याकडे येणारी माणसे तशी नव्हती. आसन उसवले तर त्यांचेही पैसे कापले जात. उशीर झाला तर त्यांनाही दंड होता. त्यांना फक्त मैदानात उतरू दिले होते. पळायचे त्यांचे त्यांनाच होते.

त्या नियमाला मात्र एक शेपूट होते. माझ्या पोटात एकही लिफाफा पडला नाही, तर ते काम थोरल्या पेटीकडे जाई. हे शेपूट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रक्त त्यावरूनच सांडले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. लोक यायचे, बाकावर बसून लिफाफा पुन्हा पुन्हा चाचपायचे, मग माझ्यात टाकायचे. त्यांत बसची आसने शिवणारी एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. ती आपल्या धाकट्या दिराबरोबर कारखाना चालवायची. ती शिवायची, तो फोम कापायचा. तिचे कोणाशी पटत नसेल, तर ते कुशनवाल्या काकांशी. तेही आसनेच शिवायचे. बाकावर दोघे दोन टोकांना बसत.

"काय ताई, या वेळी तरी धागा पक्का वापरणार ना?" काका विचारायचे.

"तुमच्या जिभेसारखा वापरते काका. तुटतच नाही."

एके वर्षी शंभर नव्या बसगाड्यांच्या आसनांचे काम माझ्या वाट्याला आले. एवढे मोठे काम छोट्यांसाठी कधी राखले नव्हते. ठेकेदार स्वतः त्या बाकावर ताईशेजारी येऊन बसला. आवाज अगदी मऊ होता.

"ताई, लिफाफा तुमच्या नावाचा टाका. काम माझी माणसं करतील. तुम्ही घरी बसून पैसे घ्या."

"नाव माझं आणि टाके तुमचे, हे जमणार नाही."

"विचार करा. मशीनवर काम करणाऱ्याला बोटं लागतात. जपावीत."

ताई उठून गेली. त्यानंतर काही दिवसांनी बाकावर जे बोलणे झाले, त्यातून मला पुढचे समजले. भरदुपारी काही माणसे ताईच्या कारखान्यात घुसली होती. त्यांनी शिवणयंत्रे उलथून टाकली. मग दिराचा उजवा हात फोम दाबायच्या यंत्राखाली धरला आणि दांडा खाली ओढला. दोन बोटे गेली. 

लिफाफे टाकायच्या शेवटच्या दिवशी कार्यालय उघडताच ते टोळके आले. हातांत दंडुके आणि सळया होत्या. एकाकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुऱ्हाड होती. त्यांनी भांडार अधिकाऱ्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. पहारेकऱ्याने एकवार पाहिले आणि तो चहाला निघून गेला. टोळक्याचा म्होरक्या माझ्यावरच पाय सोडून बसला.

सर्वांत आधी कुशनवाले काका आले.

"काका, पेटी भरली. घरी जा."

"भरली? मग जरा हलवून दाखव की. वाजते का बघू."

म्होरक्याने त्यांचा लिफाफा हिसकावून फाडला. काका म्हातारे होते, पण त्यांचे तोंड म्हातारे झाले नव्हते. "पेटी तुझ्या बापाची आहे का रे?" असे त्यांनी विचारले, आणि सळई त्यांच्या तोंडावर बसली. त्यांचा दात फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला. त्यांच्यामागून आसने शिवणारे आणखी काही जण आले. कोणाचे डोके फुटले, कोणाची मनगटे मुरगळली, आणि सगळ्यांचे लिफाफे फाटले. व्हरांड्यात कागद आणि रक्त यांचा चिखल झाला. माझे पोट रिकामेच होते.

मग दारात ताई आणि तिचा दीर दिसले. लिफाफ्याबरोबर एक नमुना आसन आणून दाखवायचे असते. ते दोन माणसांचे आसन दोघांनी उचलून आणले होते. दिराचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून त्याने डाव्या खांद्यावर भार घेतला होता. ताईचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे लिफाफा तिने दातांत धरला होता.

"वहिनी, मागे फिरू," दीर म्हणाला.

तिने मान हलवली, आणि आसनाचे लोखंडी पाय पुढे केले. शिंगे रोखलेल्या बैलासारखे ते आसन व्हरांड्यातून चालू लागले.

दंडुके पडू लागले. फोमवर बसलेला दंडुका धप्प करून उलटा उसळायचा. एकाच्या तर स्वतःच्याच कपाळावर बसला. दुसऱ्याच्या नडगीवर आसनाचा पाय आदळला आणि तो कोसळला. पण सळया बाजूनेही येत होत्या. दिराच्या पाठीवर घाव पडला, मग त्याच बांधलेल्या हातावर पडला, आणि तो असा ओरडला की माझा पत्रा थरथरला. तरी त्याने आसन सोडले नाही. ताईची भुवई फुटली. म्होरक्या माझ्यावरून उठला, तोच त्या दोघांनी त्याला आसनाखाली भिंतीशी दाबून धरले. ताई खाली वाकली. तिने तो रक्ताळलेला लिफाफा हात न लावता, आपल्या तोंडातून माझ्या तोंडात दिला. माझ्या उलट्या दातांनी तो घट्ट पकडला.

"आता पेटीच फोडा," म्होरक्या भिंतीशी दबलेल्या आवाजात म्हणाला.

कुऱ्हाड माझ्या पोटात घुसली आणि अडकली. ती उपसून त्यांनी मला उचलले आणि बाहेरच्या पायऱ्यांवरून खाली फेकले. तेव्हा माझा कोपरा दबला. सळया बरसू लागल्या. कुलपांवर, सांध्यांवर, फटीवर. मी घणाखाली वाढलेली. मी सोसत होते.

तेवढ्यात कोणीतरी माझ्यावर आडवे पडले. ते कुशनवाले काका होते. तोंडातून रक्त गळत होते. त्यांच्यावर आणखी एक जण पडला, मग आणखी एक. ज्यांचे लिफाफे फाटले होते ते सगळे, आणि सर्वांत वर ताई. माझ्यात त्यांचे स्वतःचे काहीच नव्हते. होता तो एकट्या ताईचा लिफाफा. मित्रांनो, लोखंडावरचा घाव वाजतो. माणसावरचा वाजत नाही, त्याचा मऊ आवाज येतो. तो मऊ आवाज ऐकण्यापेक्षा कुऱ्हाड परवडली, असे मला वाटले.

आरडाओरडा ऐकून आगारातले चालक आणि वाहक धावत आले. टोळके पळाले. कुऱ्हाडवाला मात्र पायरीवर घसरून पडला, आणि जमावाने त्याला इतके तुडवले की शेवटी ताईनेच लोकांना मागे ओढले. "पुरे. मरेल तो." पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. ठेकेदार त्या दिवशी आपण त्या गावचेच नाही अशा थाटात कुठेतरी बसला होता.

अधिकाऱ्यांच्या खोलीची कडी निघाली, तोवर लिफाफे टाकायची वेळ टळून गेली होती. ते घाम पुसत बाहेर आले. त्यांनी मला निरखून पाहिले, कुऱ्हाडीच्या खाचेतून आत डोकावले.

"कुलपं शाबूत आहेत. आत एक लिफाफा आहे. वेळ संपली, म्हणजे काम ताईंचं." ते थांबले. "बाकीच्यांना अडवलं गेलं, म्हणून मी मुदत उद्यापर्यंत वाढवू शकतो. पण आत जिचा लिफाफा आहे, तिची हरकत असेल तर नाही."

सगळे ताईकडे पाहू लागले. काका मात्र जमिनीकडे पाहत होते.

"हरकत आहे म्हणा, वहिनी," दीर हळूच म्हणाला. "माझ्या हाताकडे बघा आणि म्हणा."

तिने त्याच्या हाताकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"त्यांना पेटीत कोणी नको होतं, भावजी. मला माझ्याशिवाय कोणी नको असेल, तर आज त्या लोकांनी माझंच काम केलं." मग ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "माझी हरकत नाही, साहेब."

"म्हणजे माझी बोटं फुकट गेली," दीर म्हणाला.

"फुकट जाऊ नयेत म्हणूनच म्हणतेय."

त्याला ते पटले नाही. तो एकटाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधलेली माणसे एकामागून एक आली आणि माझे पोट भरले. सर्वांसमोर लिफाफे उघडले. काकांची किंमत ताईपेक्षा थोडी कमी निघाली. काम काकांना गेले.

"एवढं स्वस्त कसं पडलं, विचारू नकोस," काका पडलेल्या दाताच्या फटीतून फुसफुसले. "माझं मलाच कळत नाहीये."

"टाके नीट घाला म्हणजे झालं," ताई म्हणाली, आणि बाकाच्या आपल्या टोकाला बसून रडली.

ते वर्ष तिने खुर्च्यांच्या गाद्या शिवून काढले. दीर डाव्या हाताने कापायला शिकला, पण वहिनीशी कामापुरतेच बोलायचा. पुढच्या वर्षी आसनांचे काम पुन्हा माझ्याकडे आले. शेवटच्या दिवशी सकाळी, दार उघडताच, दीर एकटा आला आणि समोरच्या बाकावर बसला. खिशात लिफाफा होता, पण तो उठला नाही. एक जण आला, टाकून गेला. दुसरा आला. दोन अनोळखी दांडगे दारात येऊन उभे राहिले. दिराने त्यांच्याकडे पाहिले, आणि आपला तो तीन बोटांचा हात गुडघ्यावर उघडा ठेवला. थोड्या वेळाने ते निघून गेले. संध्याकाळी काका लंगडत, धापा टाकत आले.

"सावकाश या काका, वेळ आहे," तो म्हणाला.

काकांचा लिफाफा पडल्यावर तो उठला, आणि स्वतःचा त्याने सर्वांत शेवटी टाकला.

आता निविदा संगणकावर भरतात. मला कोणी उघडत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. पण संगणकालाही दारे असतात, आणि दारे अडवणारेही असतात. म्हणून एक मागते, मित्रांनो. धाकट्यासाठी राखलेली जागा कुठेही दिसली, शाळेच्या रांगेत, खेळाच्या मैदानात, की मोठेपणी तुमच्याच कचेरीत, तर ती नियमाच्या भरवशावर सोडू नका. तिच्यासमोर थोडा वेळ बसत जा. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत.