गरीब स्वभावाचा पक्षी

ही २०२२ सालची गोष्ट. त्या वर्षी बिबवेवाडीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये मंदाकिनीबाई बापट यांनी एकाहत्तराव्या वर्षी जाहीर केलं, की मला पोपट पाळायचा आहे. जाहीर केलं म्हणजे सकाळच्या चहाला सांगितलं, आणि ऐकायला त्यांचे यजमान शरच्चंद्र एकटेच होते. त्यांनी शब्दकोड्यातून मान वर न काढता "हं" केलं आणि उभ्या ओळीत एक अक्षर भरलं.

दुखणं होतं ते हेच. शरच्चंद्र भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि हळूहळू घरात दिवसाला चार वाक्यं उरली. "पेपर आला का?" "मीठ कमी आहे." "लाइट बिल भरलं." चौथं रोज वेगळं असे, तेवढीच करमणूक. मंदाकिनीबाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दिवसभर सगळ्या गावाचे आवाज. सोलापूरचा कापडवाला, भावावरून हमरीतुमरीवर आलेले अडते, नाशिकला नातू झाला म्हणून एकाच वेळी हसणारी आणि रडणारी कोणी आजी. आता फ्रिज गुरगुरला तरी त्या वळून बघायच्या, कोणी काही म्हणालं का म्हणून.

लहानपणी आजोळी, वाईला, ओसरीवर एक हिरवा पोपट होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो "कोण आहे?" असं आजीच्या ठसक्यात विचारायचा. उत्तर देईपर्यंत विचारत राहायचा. तसा पोपट हवा, एवढीच मंदाकिनीबाईंची मागणी होती. घरात कोणीतरी काही विचारावं.

रविवारी खराडीहून मुलाचा, पुष्करचा, फोन आला. त्याने स्पीकरवरच सांगितलं, "आई, आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. पकडतात."

"कोणाला, पोपटाला?"

"तुला!"

शरच्चंद्रांनी पेन्सिलीला टोक करत त्या दिवशीचं चौथं वाक्य उच्चारलं. "मी जामीन राहणार नाही."

मग पुष्करने शोध लावला, की परदेशी जातीचे लहान पोपट चालतात. तिथून मंदाकिनीबाईंच्या मोबाइलवर व्हिडिओंचा पाऊस सुरू झाला. एकात एक अमेरिकन मुलगा सांगत होता, की पक्षी आणण्याआधी वर्षभर अभ्यास करा. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "वर्षभर? मला पक्षी आणायचाय, पीएच.डी. नाही करायची." पुष्करचं म्हणणं, "बिगिनरसाठी बजरी बेस्ट, आई. छोटीशी असते, लो मेंटेनन्स." सूनबाईंचं म्हणणं वेगळं. वल्लरी म्हणाली, "आई, लव्हबर्डची जोडी घ्या ना. तो पीच कलर तुमच्या पडद्यांना काय मॅच होईल!"

"मला पडदे बोलके करायचे नाहीत," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. ठेवल्यावर चिडल्या. मुलाने विचारलं नव्हतं, की तुला कशासाठी हवाय. सुनेने विचारलं नव्हतं. यजमानांचा तर प्रश्नच नव्हता.

विचारलं एकीनेच. नसीमबानू एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या बोर्डावर बसायची. रास्ता पेठेत राहायची, आणि तिच्याकडे पक्षी होतेच, वडिलांच्या वेळेपासून. ती म्हणाली, "मंदा, तुला बघायला हवाय का बोलायला?"

"बोलायला."

"मग बजरी नको. बोलते, पण इतकी भराभर, की तुला कळायचं नाही. लव्हबर्डची जोडी तर मुळीच नको. ती एकमेकांत दंग. आपल्याकडे ढुंकून न बघणारं एक माणूस तुझ्या घरी आहेच. तू कॉकटेल घे. ऑस्ट्रेलियाचा पोपट, डोक्यावर तुरा, गालावर शेंदरी ठिपका. बोलेलच असं नाही, पण माणसाच्या नादी लागतो. आणि थांब जरा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालायला लागले की मी येते. एकटी जाऊ नकोस."

फोन ठेवून मंदाकिनीबाईंनी घरात सांगितलं, की कॉकटेल घ्यायचं ठरलंय.

"या वयात?" शरच्चंद्र म्हणाले.

सबंध एप्रिल गेला. नसीमबानूचा गुडघा काही वाकेना. पुष्कर म्हणायचा, "पुढच्या वीकेंडला नक्की," आणि पुढच्या वीकेंडला त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत काहीतरी रिलीज असायचं. शेवटी एका सकाळी मंदाकिनीबाईंनी पिशवी घेतली आणि चपला घातल्या. आयुष्यात त्यांनी साडीसुद्धा एकटीने घेतली नव्हती. आधी सासूबाई बरोबर असायच्या, मग नणंद, मग सून. आता एक पक्षी घ्यायला सतरा जणांची परवानगी कशाला, असं जिन्यात स्वतःशीच बोलत त्या उतरल्या.

दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला होतं. दारात राळ्याची आणि बाजरीची पोती, आत पिंजरेच पिंजरे. मालक वैजनाथ, लोणी काळभोरहून रोज मोटरसायकलने येणारा, तोंडाचा गोड माणूस. एका मोठ्या पिंजऱ्यात सहा-सात कॉकटेल होते. मंदाकिनीबाईंनी खुर्ची मागून घेतली, पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक दाखवा."

वैजनाथ हसला. "आजी, पोरगी बघाय आल्यासारख्या बसला की हो!"

त्यांना ते आवडलं. त्या तशाच बघायलाही लागल्या. रंग कसा आहे, पाय सरळ आहेत ना, चालतो कसा. एक राखाडी नर पिंजऱ्याच्या छताला उलटा लटकून किंचाळत होता. शेजारच्याच्या तोंडातलं कणीस ओढून घेत होता. वैजनाथने हात घालताच त्याने बोटाला असा चावा घेतला, की वैजनाथच्या तोंडून त्याच्या गावची एक शिवी निघाली.

"हा नको बाई. हा आगाऊ आहे."

कोपऱ्यात एक फिकट पिवळा बसला होता. पिसं फुलवून, अंगावर शाल घेतल्यासारखा, डोळे अर्धे मिटलेले. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वैजनाथने हातावर घेतला तर मुकाट्याने आला. मंदाकिनीबाईंनी बोट पुढे केलं तर बोटावरही आला. त्याची पावलं त्यांना गरम लागली.

"किती शांत आहे!" त्या म्हणाल्या.

"लई गरीब हाय आजी. आजपर्यंत कुणाला चावला न्हाई. पारखी नजर हाय तुमची."

"हाच द्या."

घरी आल्यावर त्यांनी पिंजरा खिडकीशी ठेवला. पुष्करला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. शरच्चंद्रांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हा कायम असाच बसतो?" मंदाकिनीबाई म्हणाल्या, "घरंदाज आहे." संध्याकाळी त्यांनी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकलं आणि आपल्या जुन्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, काय हवंय आपल्याला?" पक्ष्याने मान पंखात खुपसली. नवीन घर आहे, बुजला असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर दिली, उकडलेला मका दिला. त्याने कशालाच चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी तो दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. तेव्हा कुठे त्यांनी रिक्षा केली. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्याची छाती चाचपली. हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं होतं. ते म्हणाले, "फार दिवसांचा आजारी आहे. औषध देतो, पण उशीर झालाय." सकाळी उजाडलं तेव्हा तो गेलेला होता.

मंदाकिनीबाईंनी नसीमबानूला फोन केला. पक्षी कसा निवडला तिथपासून सगळं सांगितलं. मग नसीमबानू कडाडली.

"अगं पिसं फुलवून, डोळे मिटून, गप्प! आणि तू शांत आहे म्हणून उचललास? निरोगी पक्षी कधी गप्प बसतो का मंदा? तो चावतो, ओरडतो, दुसऱ्याचं हिसकावून खातो! तू पक्षी बघायला गेली होतीस की सून?"

मंदाकिनीबाईंनी फोन ठेवला. एकोणीसशे त्र्याहत्तर साली सदाशिव पेठेत त्यांना बघायला आले होते, तेव्हा होणाऱ्या सासूबाई उठता उठता म्हणाल्या होत्या, "मुलगी अगदी गरीब आहे हो, शांत आहे." आईने त्या रात्री हे वाक्य चार वेळा वडिलांना सांगितलं होतं, बक्षीस मिळाल्यासारखं. वल्लरीच्या वेळी त्यांनी स्वतः तेच वाक्य बहिणीला सांगितलं होतं. पसंत कसं करायचं, हे त्यांना एवढं एकच माहीत होतं. त्या स्वतःवर इतक्या चिडल्या, की दुपारच्या जेवणाला आमटीत मीठच पडलं नाही, आणि शरच्चंद्रांनी ते सांगितल्यावर त्यांनी मिठाची बरणीच त्यांच्यापुढे आपटली.

जूनमध्ये नसीमबानू काठी टेकत आली. दोघी दुकानात गेल्या. मंदाकिनीबाईंनी वैजनाथला नीट झापलं.

"आजारी पक्षी गळ्यात मारलात!"

"आजी, तुम्हीच पसंत केला. मी न्हाई कशाला म्हनू?" वैजनाथ म्हणाला, आणि बदलून द्यायला तयार झाला.

नसीमबानूने खुर्ची घेतली नाही. पिंजऱ्यापासून लांब, पोत्यांच्या आड उभी राहिली. "जवळ गेलं की आजारीसुद्धा ताठ बसतात," ती म्हणाली. "आपण नाही असं समजून वागू देत त्यांना." कोण खातंय, कोणाची नाकपुडी ओली आहे, कोणाची शेपटी श्वासाबरोबर हलतेय, ती बघत राहिली. मंदाकिनीबाईंचे पाय दुखायला लागले. शेवटी नसीमबानूने काठी रोखली. तोच राखाडी, उलटा लटकणारा.

"हा? मला हा मुळीच आवडत नाही, नसीम."

"तुझी आवड आपण एकदा पाहिली."

त्याला घरी आणल्यावर मंदाकिनीबाईंच्या वैतागाला सीमा राहिली नाही. तो बोटावर येईना. हात घातला की चावे. राळ्याची टरफलं सोफ्यापर्यंत उडवी. पहाटे असा काही किंचाळे, की खालच्या मजल्यावरच्या तनुजाताई जिन्यात भेटल्यावर गोड हसून म्हणाल्या, "आम्हाला आता गजराची गरजच उरली नाही हो." मंदाकिनीबाई रोज स्टूलावर बसून शिकवायच्या. "नमस्कार म्हण. कोण आहे म्हण." तो तुरा उभा करून ऐकायचा, मान वाकडी करायचा, आणि अक्षर बोलायचा नाही. पावसाळा संपला, दिवाळी झाली. "मी जन्मभर न बोलणाऱ्यांशीच बोलत बसणार," त्या नसीमबानूला म्हणाल्या. "घेऊन जा तुझा पक्षी."

तो शिकला ते भलतंच. जानेवारीत तो दाराच्या घंटीचा आवाज हुबेहूब काढू लागला.

आणि काढायचा तो दुपारी, शरच्चंद्र आडवे झाले की. ते उठायचे, लुंगी सावरत दार उघडायचे, बाहेर कोणी नाही. पडायचे. पुन्हा घंटी. असं आठवडाभर चाललं. एका दुपारी मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज झाला. मग पावलं पिंजऱ्याकडे गेली.

"अहो गृहस्थ," शरच्चंद्रांचा आवाज आला, "दुपारी एक ते चार सभ्य माणूस कोणाची घंटी वाजवत नाही. आपण कुठून आलात? ऑस्ट्रेलिया. तिकडे असेल तशी पद्धत. इथे नाही."

पक्षी किंचाळला.

"ओरडून बोलणं म्हणजे मुद्दा नव्हे. मी बत्तीस वर्षं लोकांच्या बांधाचे वाद मिटवलेत. मला आवाज दाखवू नका."

पुन्हा किंचाळी. पुन्हा उत्तर. मंदाकिनीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बांधाच्या वादांवरून ते एका मामलेदारावर गेले, त्या मामलेदाराच्या घोड्यावर गेले. हे सगळं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग ते ओसरलं आणि असा संताप आला, की शेंगांचं ताट घेऊनच त्या बाहेर आल्या.

"एवढं बोलता येतं तुम्हाला?"

शरच्चंद्र दचकले.

"मला रोज चार वाक्यं, आणि या चावऱ्याला मामलेदाराचा घोडा? मी काय केलं होतं तुमचं?"

ते गडबडले, मग नेहमीच्या कोरडेपणाने म्हणाले, "तो उलट बोलतो. तू कधी बोललीस? मी काहीही म्हटलं की तू 'बरं' म्हणायचीस. 'बरं'च्या पुढे माणूस काय बोलणार?"

"मला तसंच शिकवलं होतं!"

"मग चूक शिकवलं होतं," ते म्हणाले.

"चूक? तुमच्या आईने मला त्याच एका गुणावर पसंत केली होती!"

"आईची पसंती होती ती. मला कोणी विचारलं होतं?"

"म्हणजे? तुम्हाला मी पसंत नव्हते?"

"असं मी कुठे म्हटलं? तू वाक्य अर्धवट घेतेस."

"मग पुरं करा!"

त्या दिवशी चहा साडेपाचला झाला. तोही थंड झाला, कारण भांडण सासूबाईंवरून महाबळेश्वरच्या राहून गेलेल्या सहलीवर आलं होतं आणि दोघंही हटत नव्हते. खालून तनुजाताई बघायला आल्या, सगळं ठीक आहे ना. मंदाकिनीबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, कारण त्यांचा मुद्दा राहिला होता.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. वैजनाथने दुकान भाच्याला दिलं, आणि स्वतः आता लोणी काळभोरलाच असतो. पुष्कर आणि वल्लरी खराडीतच आहेत. त्यांनी लव्हबर्डची पीच रंगाची जोडी घेतली, आणि ती खरोखरच त्यांच्याकडे बघत नाही. तनुजाताई मुलाकडे बाणेरला राहायला गेल्या. कारण जागेचं सांगतात. नसीमबानू मागल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेली. तिच्या मुलीने दोन पक्ष्यांपैकी एक मंदाकिनीबाईंना देऊ केला, तेव्हा शरच्चंद्र स्वतः रिक्षा करून रास्ता पेठेत गेले आणि मांडीवर पिंजरा घेऊन आले. मंदाकिनीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. राखाडी नर अजून त्यांना चावतो आणि अजून एक शब्द बोलत नाही. शरच्चंद्र पुष्करला फोनवर तक्रार करतात, की तुझी आई हल्ली कोडं सोडवू देत नाही.