भरलेले गाल

आमच्या कॉफीच्या डोंगरात गाल भरले की माणूस बरा झाला म्हणतात. मीही त्याच मातीतली, मला कुठून वेगळी अक्कल येणार?

माझा नवरा अडाउटो पावसाळाभर खोकत होता. तोंडात फोड, घास गिळवेना. नुसता सांगाडा उरला होता. आरोग्यकेंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, "मातीतली बुरशी फुप्फुसात गेलेली दिसते. थुंकी तपासायला पाठवते. दोन आठवडे थांबा."

दोन आठवडे! इकडे कॉफीची तोडणी तोंडावर आलेली. मी तडक औषधाच्या दुकानात ओर्नेलिओकडे गेले. त्याने पांढऱ्या गोळ्या दिल्या. "स्टेरॉइड आहे. सूज ओसरेल, भूक लागेल. घाबरू नकोस."

आणि खरंच! आठवड्यात अडाउटो भात-राजमा दोनदा मागून घेऊ लागला. महिन्यात चेहरा भोपळ्यासारखा गोल. शेजारची ज्युरेमा म्हणाली, "काय गं, नाताळला कापायचाय की काय? डुकरासारखा पोसतेयस!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात, दोन आठवड्यांचा महिना करून, डॉक्टरणीचा निरोप आला, बुरशीच निघाली आहे, औषध घेऊन जा. मी उलट निरोप धाडला, तो तुमच्यापेक्षा धडधाकट आहे.

अडाउटो एकदा म्हणालाही, "अगं, चढावर दम लागतो. डॉक्टरणीकडे जाऊन येऊ का?"

"वजन वाढलंय, लागणारच," मी म्हणाले आणि गोळी त्याच्या हातावर ठेवली.

तोडणी संपता संपता तो खळ्यावर कोसळला. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बुरशी असताना नुसत्या ह्या गोळ्या? अंगाचं लढणं थांबलं, बुरशीला रान मोकळं मिळालं. कोणी दिल्या?"

मी तोंड उघडलं. अडाउटोने माझा हात दाबला.

"मीच आणायचो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हिला ठाऊक नव्हतं."

आणि मी गप्प बसले. मेली मी, चक्क गप्प बसले.

अकराव्या दिवशी तो गेला. त्याची आई दर रविवारी त्याच्या नावाने मेणबत्ती लावते आणि रडते, "माझंच कार्टं मूर्ख! आपल्या हाताने विष खाल्लं. तुझं तरी ऐकायचं होतं."

"नाही ना ऐकलं, आई," मी म्हणते.