शपथेचं दुसरं पुस्तक

व्हर्डीनं पुस्तक फ्रॉकखाली पोटाशी आणखी दाबलं आणि माडीच्या कठड्याला कपाळ टेकवून खाली पाहिलं. खाली कोर्टात नुसती धांदल उडाली होती. कारकुनानं टेबलाचे खण उपसले, पडदे झटकले, पिकदाणीमागंही वाकून पाहिलं.

"गेलं कुठं मेलं? सकाळी इथंच तर होतं!"

अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या त्या कोर्टात देव एकच होता, पण शपथेची बायबलं दोन. सोनेरी कडांचं गोऱ्यांसाठी, सुतळीनं बांधलेलं काळ्यांसाठी. चुकून काळा हात सोनेरी पुस्तकावर पडला तर जणू आभाळच कोसळणार होतं! सकाळी हेस्टर मावशी कोर्ट झाडत होती, तेव्हा तिच्या मागं मागं आलेल्या व्हर्डीनं ते सुतळीचं पुस्तक गुपचूप उचललं. आठ वर्षांच्या पोरीचा विचार अगदी सरळ होता. पुस्तक नाही तर शपथ नाही, शपथ नाही तर खटला नाही, आणि खटला नाही म्हणजे बाबा घरी.

तिचे बाबा, क्लिओफस टार्व्हर, खाली बाकावर बेड्या घालून बसले होते. गोऱ्या मालकाचा कापसाचा जिनिंग कारखाना जळाला, तर आळ यांच्यावर. सापडला काळा माणूस, झालं! त्या रात्री ते गावात तरी होते का, हे विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

माडीवर काळ्या माणसांची ही गर्दी. उन्हानं छत तापलेलं. पुठ्ठ्याचे पंखे हलत होते, खालचे आवाज हळूहळू लांब जात होते, आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ अशी तरंगत होती की व्हर्डीच्या पापण्या जड झाल्या. बाबांवर नजर ठेवणारा शिपाईसुद्धा कपाट उघडायला गेला होता. बाबांनी मान वर केली. त्यांनी तिला पाहिलं. गाल फुगवून दाखवले, तिनंही फुगवले. मग ते नुसते बघत राहिले आणि तीही बघत राहिली. कोर्ट कुठंच नव्हतं. दोघं नदीकाठी पाण्यात पाय सोडून बसली होती, मासे तळपायांना गुदगुल्या करत होते, आणि घरी जायची कुणालाच घाई नव्हती. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक.

"पुरे झालं!" जज्जसाहेबांनी हातोडा आपटला. "पुस्तक नाही तर साक्ष नाही. पुढं चला."

"मग त्या दुसऱ्या बायबलावर घेऊ या ना, साहेब," बाबांचा वकील चाचरत म्हणाला.

"वकीलसाहेब, शुद्धीवर आहात ना?"

खाली हशा पिकला. माडीवर कुणी हसलं नाही. हेस्टर मावशीनं पेंगुळलेल्या व्हर्डीला जवळ ओढलं, तेव्हा मावशीच्या कुशीला पुस्तकाचा कोपरा टोचला.

"व्हर्डे, हे काय गं?"

"आता खटला होणार नाही ना, मावशी?"

"अगं माझे आई!" मावशीच्या हातातला पंखा गळून पडला. "गोऱ्यांच्या साक्षी कालच झाल्या. उरलीय ती एकटी आपली ड्रुसिला सुईण. त्या रात्री तुझ्या बाबांनी तिला गाडीतून नदीपलीकडं बाळंतिणीकडं नेलं होतं, उजाडेपर्यंत तिथंच होते. ते तिनं नाही सांगायचं तर कुणी?"

व्हर्डीनं फ्रॉकखालून पुस्तक ओढून काढलं. ती जिना उतरली ती पडत-झडतच. भर कोर्टात दोन्ही हातांनी तिनं पुस्तक पुढं केलं.

"मी घेतलं होतं. हे घ्या. पण ड्रुसिला आजीला बोलू द्या!"

कारकुनानं ते हिसकावून घेतलं, वर एक टप्पलही मारली. ड्रुसिला सुईणीनं सुतळीवर हात ठेवला आणि सगळं सरळ सांगितलं: नदी, गाडी, पहाटे झालेली मुलगी. बारा गोरे पंच छताकडं बघत ऐकत होते. आत गेले काय अन् बाहेर आले काय! दोषी. वीस वर्षं पायात साखळी घालून रस्त्यावर खडी फोडायची.

दारात व्हर्डीनं बाबांच्या पायाला मिठी घातली.

"मी... मी पुस्तक लपवलं, म्हणून ते चिडले का, बाबा?"

बेड्यांसकट ते खाली वाकले. तिच्या केसांत त्यांनी नाक खुपसलं.

"नाही गं, बाळा. यांचं आधीच ठरलं होतं. तू लपवलंस, म्हणून तर तुला डोळे भरून बघता आलं."

शिपायानं साखळी ओढली. पायऱ्या उतरता उतरता बाबा मागं वळले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते.

"एवढ्यात कशाला दिलंस ते पुस्तक, वेडे?"