वस्तादांच्या खांद्यावरचा कासरा

मी एक जुना कासरा हाय, मित्रांनो. अंबाडीचा. कळंब्यात हंबीरराव वस्तादांनी सवता वळला मला. पाच वर्सं त्यांचा बैल हाकला. बैल गेला, तवा वस्तादांनी मला शिवाजी पेठंत तालमीत आणला. तालमीची फुटबॉल टीम तेच बगायचे.

टीमचा बॅक सोमेश. पळायला वारं, पण डोस्कं कायम तापल्यालं. सत्त्याण्णवला एका माणसामागं पळत गेला, मागं जागा मोकळी पडली आनि फायनल गेली. वस्तादांनी ठणकावलं, "औंदा चुकलास तर शर्ट काढून द्यायचा."

वस्तादांनी माझं एक टोक सोमेशच्या कमरंला बांधलं, दुसरं फॉरवर्ड प्रभुलिंगच्या. मधी चार हात.

"कासरा ताणला तर तू मागं ऱ्हायलास. भुईला लागला तर लई चिकटलास, त्यो गिरकी मारून जाणार. आनि त्येचे पाय बगू नगंस, कंबर बग. पाय फसवत्यात."

म्हैनाभरात सोमेश असा शिकला की मी ना ताणायचो, ना लोळायचो.

मग आली अठ्ठ्याण्णवची सेमीफायनल. मी वस्तादांच्या खांद्यावर. समोरच्या टीमच्या फॉरवर्ड अमरसिंहला सोमेशनं चेंडू शिवू दिला न्हाय. मग अमरसिंह मुद्दाम लायनीकडं सरकला. सोमेश त्याच्या मागं. मधनं दुसराच आला आनि गोल!

हाफटाइमला सोमेश लालबुंद. "वस्ताद, कासऱ्यानं बांदा मला त्येला! सोडत न्हाय आता!"

"सोडायलाच सांगतोय, येड्या!" वस्तादांनी त्याच्या पायाभवती माझं रिंगण केलं. "मैदानात हेच रिंगण मोठं धर. आत येईल त्यो तुजा. भाईर गेला की रामराम. आता कंबर न्हाय, चेंडू ज्येच्या पायात त्येचे डोळे बग."

खेळ सुरू झाला. अमरसिंह लायनीवरनं वराडला, "काय पावणं, दम संपला व्हय? या की हिकडं!"

सोमेशनं एक पाऊल टाकलं. वस्तादांची मूठ माझ्यावर आवळली. सोमेश थांबला. मागं सरला. चेंडू मधी आला तवा तितं त्यो उभा होता. त्यानं मारल्याला चेंडू प्रभुलिंगला घावला, आनि गोल!

टायब्रेकरला आमी हारलो. पर वस्तादांनी शर्ट मागितला न्हाय.

वस्ताद गेले. सरावाला प्लॅस्टिकचे कोन आले. मला ओलाच घेऊन कुनीतरी चेंडूंची जाळी बांधली, गच्च गाठ मारून. सहा वर्सं तशीच. दोन हजार पाचला सोमेश पोरांना शिकवायला तालमीत आला. एक पोरगं म्हनलं, "सर, ब्लेड देऊ?"

आदीचा सोमेश असता तर मला दातानंच तोडला असता. ह्यो पायरीवर बसला. अर्धा तास नखानं गाठ उकलत बसला. मग मला उनात पसरला.

मित्रांनो, दोर वापरा, ताणा, कायबी करा. पर काम झालं की गाठ सोडा आनि वाळत घाला. गाठीत पानी ऱ्हातं, दोर तितंच कुजतो. मी तितं निम्मा कुजलोय. उरलेला अजून चार हात भरतो. उद्या सकाळी दोन पोरांच्या कमरंला हाय.