रानडुकरांचा भोंगा आणि गोजरबाईंचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पण लग्नाच्या मांडवातला नव्हे, मक्याच्या शेतातला. खामगावच्या बाजारात गोपालने मला पारखून घेतले आणि आपल्या गावी, वरवट बकालला आणले. माझ्या पोटातल्या चिपवर कुत्र्यांचे भुंकणे भरलेले होते. रात्री मी भुंकायचो आणि रानडुकरे धूम ठोकायची. "आपला भोंगा म्हंजे वाघ हाय," असे गोपाल चारचौघांत सांगायचा, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. हंगाम सरला की मात्र मी गुरांच्या कोठ्यात, कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या ढिगावर. कोळ्यांनी माझ्या तोंडात घर केले, तरी कोणी हटकले नाही.

एका उन्हाळ्यात गोपालची आई, गोजरबाई, ओट्यावरून घसरल्या आणि गुडघ्याची वाटी मोडली. प्लास्टर निघाले तेव्हा डॉक्टरांनी बजावले, की रोज पाय वाकवला नाही तर गुडघा कायमचा आखडेल. गोजरबाईंना तर आपल्या पायांनी शेतात जायची आस लागली होती. पण व्यायामाचे नाव काढले की कपाळाला आठ्या. दोनदा पाय वाकवला की "मेली वं माय!" म्हणून बाज धरायच्या.

सून सुचिता हुशार. तिने मला झटकून पुसले आणि गाणी भरली. पहिलेच गाणे इतके धावते निघाले की गोजरबाई ओरडल्या, "बंद कर वं! हे गानं हाय का थ्रेशर?" मग सुचिताने शेजारच्या जनकाबाईंना बसवून त्यांच्या आवाजात भुलाबाईची गाणी भरून घेतली. एका ओळीला पाय वाकायचा, दुसरीला सरळ व्हायचा. दुखायचे तेवढेच, पण मन पुढच्या कडव्यात गुंतायचे आणि गाणे संपेपर्यंत पाय आपसूक हलत राहायचा. आयुष्यभर भुंकलेल्या माझ्या तोंडातून गाणे निघत होते. मला माझेच कौतुक वाटायचे.

भाद्रपदात मक्याला कणसे धरली आणि डुकरे आली. गोपालने चिप बदलून मला शेतात नेले. घरी व्यायाम बंद पडला. गुडघा पुन्हा ताठू लागलाय, असे सुचिताने डबा आणला तेव्हा सांगितले. "पाहू," म्हणून गोपाल जेवायला बसला. मी मनातल्या मनात कुढत राहिलो. भोंग्याला कोण विचारतो!

मग एका सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गाणे ऐकू आले. आवाज जनकाबाईंचा नव्हता, चांगलाच बेसूर होता. एका हातात काठी, दुसरा हात सुचिताच्या खांद्यावर, आणि गाण्याच्या चालीवर एकेक पाऊल टाकत गोजरबाई येत होत्या.

"माय! तू पायी आली?" गोपाल थक्क झाला.

"मंग काय करू? माहं गानं तू इथं आनून टाकलं. दे इकडं."

"अन् मक्यात भुंकन कोन?"

"तू भुंक!"

सुचिताला हसू आवरेना. मला पदराने पुसता पुसता गोजरबाई एकदम थांबल्या. आपण शेतात उभ्या आहोत, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मक्याच्या पानावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, व्यायामाला गाण्याची जोड द्या, जड पाय हलका होतो. चाल मात्र आपल्या पावलाला झेपेल अशीच निवडा आणि आवाज बेताचा ठेवा. आणि आमच्यासारख्यांना कोठ्यात टाकण्याआधी एकदा पुसून पाहा. आम्ही भुंकायचे की गायचे, ते तुमच्याच हातात असते.