कोऱ्या फाइलचा गुन्हा

स्वावलंबन हाच मनुष्याचा खरा अलंकार आहे, असं तात्या अख्ख्या ऑफिसला ठणकावून सांगत होते. हातातला चहा शिपायाने आणला होता, साखर शेजारणीने घातली होती आणि आता ढवळायला कोण येतंय, याची ते वाट पाहत होते.

तात्या म्हणजे रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख. हेडर फाइल म्हणजे कोडमधल्या मालाची पाटी, आणि तात्यांचा दंडक असा, की हेडरने दुसरं हेडर इन्क्लूड करायचं नाही, म्हणजे स्वतःत ओढून घ्यायचं नाही. त्यांच्या 'नाडी' हेडरला 'वेळ' हेडर लागायचं. पण ते आणायचं वापरणाऱ्याने, तेही आधी. म्हणून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर इन्क्लूडची तीच लांबलचक रांग, त्याच क्रमाने. का, ते विचारायचं नाही.

नव्या मुलीने ती रांग अक्षरानुक्रमे लावली. 'नाडी' वर गेली, 'वेळ' खाली आली आणि फाइल कंपाइल होईना, म्हणजे कॉम्प्युटरला ती उमगेना.

"असली बेशिस्त इथे चालणार नाही! आजच्या आज घरी पाठवा हिला!" तात्या गरजले आणि त्यांनी तिचं ऑफिसचं कार्ड तिथल्या तिथे बंद करून टाकलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

टेस्टिंगच्या आक्का उठल्या. "तात्या, गरज तुमच्या हेडरची. धावपळ पोरीने का करायची?"

"आमच्या वेळी लोक क्रम पाठ करायचे!"

"तुम्ही सांगत नव्हता म्हणून करायचे. एक कोरी फाइल उघडा. त्यात फक्त तुमचं 'नाडी' हेडर. करा कंपाइल."

तात्यांनी केलं. चुकांनी पडदा लालभडक!

"अरेच्चा! 'वेळ' म्हणजे काय, असं विचारतोय हा कॉम्प्युटर!"

"मग या कोऱ्या फाइलने कसली बेशिस्त केली? हिलाही घरी पाठवायचं?"

तात्यांचा आवाज उतरला. "पण 'वेळ' दोनदा आलं तर?"

"हेडरला गार्ड असतो ना! दुसऱ्यांदा आलेल्याला तो आत घेत नाही."

तात्यांना पटलं. इतकं पटलं, की ते 'नाडी'त दिसेल ते हेडर कोंबू लागले, अगदी 'यंत्र' हेडरसुद्धा.

"अहो, थांबा! 'यंत्रा'चा तुम्ही नुसता पॉइंटर ठेवलाय, म्हणजे फक्त पत्ता. तिथे नाव जाहीर केलं की भागतं. अख्खं घरदार कशाला बोलावता?"

वाचकहो, आपली गरज सांगायची नाही, ती भागवायला दुसऱ्याला पळवायचं आणि तो अडखळला की त्यालाच बेशिस्त म्हणायचं, हा शुद्ध उद्दामपणा आहे! हेडरला जे लागतं ते त्याने स्वतः आणावं. लागत नाही ते आणू नये. माणसांनाही हे लागू आहे. फक्त माणसं कंपाइल करून बघता येत नाहीत.

तात्यांनी सगळ्यांसमोर मुलीची माफी मागितली. गहिवरून म्हणाले, "बोल पोरी, तुझ्यासाठी काय करू?"

"सर, माझं कार्ड तेवढं चालू करा. तुम्ही बंद केल्यापासून बाथरूमचं दार उघडत नाहीये."